लाल वायर दोन बोटं लांब

१८ नोव्हेंबर ७४, सोमवार

जळाली. शेवटी जळालीच.

पाटील निरीक्षकांना सकाळी कालव्यावर जायचं होतं. मोटारसायकलचा स्विच फिरवला आणि टाकीखालून धूर. बॅटरीची वायर उपटली तेव्हा थांबला. दोन बोटं भाजली. टाकी पेट्रोलनं काठोकाठ भरलेली होती हे नंतर ध्यानात आलं.

चूक माझी. शनिवारी दिव्याची जोडणी मीच केली होती. बॅटरी चार्जिंगला गेलेली, म्हणून लावून बघता आलं नाही. स्विचमधून येणारी लाल वायर मी गाडीच्या सांगाड्याला बांधली आणि सांगाड्याची हिरवी दिव्याला दिली. मला दोन्ही सारख्याच दिसतात. मातकट. लहानपणापासून. सुमनशिवाय हे कुणाला माहीत नाही. बायको म्हणून तिला कळलंच, कारण लग्नानंतर पहिल्यांदा हौसेनं लाल लुगडं आणलं ते हिरवं निघालं. बाकी कुणाला कळता कामा नये. ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्याला वायरिंगला कोण हात लावू देईल?

ओव्हरसीअर साहेब आले. जळकी वायर काठीनं हलवून म्हणाले, "ही वायरिंग कुणाची?"

मी म्हणालो, "हमीदचाचांची, साहेब. गेल्या वर्षीची."

हे खोटं नाही. वायरिंग चाचांचीच. जोडणी माझी, एवढंच बोललो नाही.

१९ नोव्हें., मंगळ

पाटबंधारे ऑफिसच्या चार मोटारसायकली इथून पुढं हिंगोलीला हमीदचाचांकडं पाठवायच्या नाहीत. साहेबांचा हुकूम. "म्हातारा झाला तो आता. जीव जायचा एखाद्याचा."

मग माझ्याकडं वळून, "वसंतराव, सगळं काम तुम्हीच बघा. रोजंदारीवर किती दिवस राहता? मिस्त्रीची कायम जागा निघतेय. जानेवारीत परीक्षा, मग डोळे-छाती तपासायला परभणी."

डोळे म्हटल्याबरोबर मी उगाच पान्याला तेल लावत बसलो.

चाचांनी मला पाना धरायला शिकवलं. सात वर्षं त्यांच्या दुकानात काढली. आणि मी एका वाक्यात त्यांचं चार गाड्यांचं काम घालवलं. सुमन म्हणाली, "सांगून टाका ना साहेबाला. चूक कोणाला होत न्हाई?" मी म्हणालो, "कशी झाली म्हणून विचारलं तर?" कायम झालो तर धरणावरचं पक्कं क्वार्टर मिळेल. ह्या पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात तीन विंचू निघाले, त्यातला एक शोभाच्या अंथरुणात. पोरगी सहा वर्षांची.

२१ नोव्हें., गुरु

मीटर घ्यायचा. ठरलं.

औरंगाबादला आयटीआयत वीस जणांत एक मीटर होता आणि मास्तर त्याला हात लावू देत नसत. पण बघितलेलं आठवतं. वायरीच्या ह्या टोकाला एक काडी, त्या टोकाला दुसरी. काटा हलला तर वायर तीच. रंग विचारायचं कामच नाही.

इतकी वर्षं काहून सुचलं नाही? कारण चाचांकडं गरज पडली नाही. त्यांच्या दुकानाची पद्धतच होती की लाल वायर बाकीच्यांपेक्षा दोन बोटं लांब कापायची आणि टोक दुमडून ठेवायचं. डोळे झाकूनसुद्धा हाताला लागायची. इथल्या गाड्यांतल्या वायरी कंपनीतून आलेल्या, सगळ्या सारख्या लांबीच्या; चाचांनी गेल्या वर्षी त्याच पुन्हा जोडून दिल्या होत्या. मी चार-चारदा उजेडात धरून बघतो, अंदाज करतो आणि देवाच्या नावानं... देव मानत नाही तरी.

शनिवारी अंदाज चुकला.

२४ नोव्हें., रवि

हिंगोली. चाचांचं दुकान रस्त्यात लागतं म्हणून मागच्या आळीनं गेलो. चोरासारखं.

शेषराव रेडिओवाल्याकडं तीन मीटर होते. पहिला मोठा, लाकडी पेटीतला, हजार व्होल्टपर्यंत. दिसायला राजा. पण डी.सी.ची सगळ्यात खालची पट्टी पन्नासची. आमच्या गाड्या सहा व्होल्टच्या. पन्नासच्या पट्टीवर सहा म्हणजे काटा जागचा जरासा हलणार. साडेपाच आणि साडेसहा ह्यात फरक कळणार नाही, आणि सगळा खेळ तेवढ्यातच असतो. दुसरा बारका, खिशात मावेल असा, पण वायर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तीच आहे का, हे बघायची सोयच नव्हती. मला तर तीच पाहिजे. तिसरा जुना, वापरलेला, एका बाजूची काच तडकलेली. दहाची पट्टी आहे, वायर ओळखायची ओहमची आहे, काट्यामागं आरशाची फीत आहे. काटा आणि त्याचं आरशातलं रूप एकावर एक आलं की डोळा सरळ आहे असं समजायचं.

शेषरावनं टॉर्चचा सेल पुढं केला. "बघा लावून."

दोन काड्या हातात घेतल्या. एकीची वायर लाल, एकीची काळी. मला लाल काळपटच दिसतं, त्यात दुकानात अंधार. लावल्या. काटा उलटा गेला आणि टक्कन आपटला.

"अहो मिस्त्री! लाल तिकडं! लाल कळत न्हाई का तुमाला?"

तो हसून बोलला. मी काड्या खाली ठेवल्या. म्हणालो, "चष्मा घ्यायला झाला आता." आणि घासाघीस न करता तिसरा घेतला. किंमत इथं लिहीत नाही. सुमन ही वही वाचते.

२६ नोव्हें., मंगळ

सुमननं लाल वायरच्या काडीला पांढरा दोरा गुंडाळून दिला. घट्ट, तीन गाठी. आता अंधारातही हाताला लागते. मुद्दाम म्हणाली, "लाल बांगडीवानी दिसती." मी म्हणालो, बांगडी पांढरी आहे. "दिसती की मग तुमाला पांढरी तरी!" अशी आहे ती. हसलो. आठ दिवसांनी हसलो असेन.

पण दुपारी जीव गेला होता. वर्कशॉपमध्ये ओहमवर ठेवून वायर शोधत होतो आणि गाडीची बॅटरी सोडायची विसरलो. काटा धाडकन पलीकडं. मीटर गेला असंच वाटलं. नशीब, वाचला. काटा शून्यापासून जरा सरकलेला होता, स्क्रूनं आणला. शिकलो ते लिहून ठेवतो. आधी बॅटरी सोडायची. मग दोन्ही काड्या एकमेकींना लावून काटा ओहमच्या शून्यावर आणायचा. मगच विचारायचं.

१ डिसेंबर, रवि

टाळून टाळून कुठं टाळणार. हिंगोलीच्या एस.टी. स्टँडवर चाचाच समोर आले. हातात ऊस.

"क्या रे वसंत, पीछे की गल्ली से जाता बोलते आजकल?"

त्यांनीच विषय काढला. ऑफिसनं काम बंद केल्याचं कळलंय. "साब बोले, बुड्ढा हो गया. हौ, हो गया मैं. मेरीच गाँठ ढीली रही होंगी." आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ.

मी "व्हय चाचा, होतं कधी" असं काहीतरी बोललो. होतं कधी! असं म्हणालो मी. मग उसाचं अर्धं कांडं मोडून त्यांनी मला दिलं आणि मी ते घेतलं. गाडीत चढल्यावर खिडकीतून फेकून दिलं. चावलं जाईना.

६ डिसें., शुक्र

सकाळी विहारात. गाव लहान, पण आज सगळे आले होते, गोरेगावाहून माझी आईसुद्धा. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज निघेना. आईला वाटलं घसा बसलाय. घरी आल्यावर हळद-दूध केलं तिनं. प्यालो मुकाट्यानं.

१० डिसें., मंगळ

मीटर कामाला लागला. पाटलांची बॅटरी रोज बसत होती. दिवा न लावता सहाला दोन रेघा वर. दिवा लावला की साडेपाचच्या खाली. इंजिन चालवून बघितलं, तर काटा वर चढायला पाहिजे, सातपर्यंत तरी. हलेना. म्हणजे बॅटरीचा दोष नाही, चार्जिंगच पोचत नाही. पुढं रेक्टिफायर सोडून तपासला. वीज एकीकडून जाऊ द्यावी, उलटीकडून अडवावी, हे त्याचं काम. हा दोन्हीकडून जाऊ देत होता. बदलला. काटा सातवर.

पूर्वी बॅटरीच बदलली असती आणि महिन्यानं पुन्हा तेच.

पाटील खुश. "वसंतराव तर डॉक्टर झाले. नाडी बघून राहिले गाडीची!" सगळे हसले. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचीच भीती वाटली.

२० डिसें., शुक्र

परभणीच्या तपासणीत एक पुस्तक दाखवतात. पानावर रंगीत ठिपके, ठिपक्यांत आकडा. चांगल्या डोळ्याला एक आकडा दिसतो, माझ्यासारख्याला दुसरा. हे मला सिमेंटच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरनं सांगितलं. तो अशा तपासणीला दोनदा बसून आलाय, त्याला पानांचे आकडे क्रमानं पाठ आहेत. मी सहज विचारावं तसं विचारलं, एका नातेवाइकासाठी म्हणून. त्यानं बिडीच्या बंडलाच्या कागदावर उतरवून दिले. आणि हसला. त्याला कळलं बहुतेक.

बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न, पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर.

पहिला बारा सगळ्यांनाच दिसतो म्हणे. पुढचेच आपले वैरी.

२५ डिसें., बुध

सुमन पोळ्या लाटताना विचारते, "चौथं पान?" मी एकोणतीस म्हणतो. "सातवं?" तीन. सगळं येतं. आज शोभा अंगणात लंगडी खेळताना तेच आकडे म्हणत होती, बारा आठ सहा, बारा आठ सहा. तिला ओरडलो. कशासाठी ओरडलो हे तिला कळलं नाही, सुमनला कळलं.

आकडे आता डोक्यातून जातच नाहीत. कालव्याचे दगड मोजतानाही तेच.

४ जानेवारी ७५, शनि

परीक्षा झाली. नीट लिहितो, कारण आज जे झालं त्यातलं निम्मं अजून माझ्या डोक्यात बसलेलं नाही.

उमेदवार दोनच. मी आणि वसमतचा नामदेव मिस्त्री. बाहेरून आलेल्या परीक्षक साहेबांनी भंगारातून एक जुनी विलायती मोटारसायकल काढून ठेवली होती, लष्कराच्या लिलावातली. बॅटरी नवी बसवलेली. दिवा बंद, हॉर्न बंद. प्रत्येकाला अर्धा तास.

नामदेव आधी. त्यानं लाल बघून बॅटरीला दिली, हिरवी सांगाड्याला, झपाझप. हात चांगला आहे त्याचा. पण दिवा लागेना. अर्धा तास संपला, साहेबांनी बॅटरीचं सांगाड्याकडचं टोक तेवढं ठेवून बाकी सगळं पुन्हा सोडायला लावलं.

मग मी. मीटर दहावर ठेवला. काळी काडी सांगाड्याला, दोऱ्याची बॅटरीच्या मोकळ्या टोकाला. काटा उलटा. टक्कन.

वाटलं, संपलं. दोरा काळ्या वायरीवर सरकला की काय? का मीटरमध्येच वायरी उलट्या खोचल्या? शेषरावचं दुकान आठवलं. साहेब बघत होते. नामदेव बघत होता.

मग पिशवीतला टॉर्च काढला आणि त्यातला सेल. सेलच्या बोंडाची बाजू प्लस, सपाट मायनस. ती हाताला कळते, त्याला डोळा लागत नाही. दोऱ्याची काडी बोंडाला लावली. काटा सरळ गेला. म्हणजे मी बरोबर आहे. गाडीच उलटी आहे.

"साहेब, ह्या गाडीत प्लस सांगाड्याला आहे."

साहेब हसले. "जुन्या विलायती गाड्यांत असतंच तसं. वायरींच्या रंगावरून नाही बघितलं तुम्ही?"

"रंग कुणीतरी बदललेले असू शकतात, साहेब."

"बदललेलेच आहेत. मीच बदलायला लावले."

मग बॅटरी सोडून एकेक वायर विचारली. काटा हो म्हणाला की ठेवायची, नाही म्हणाला की पुढची. वेळ संपता संपता दिवा लागला. हॉर्न असा ओरडला की शेडवरची कबुतरं उडाली.

साहेब वाकून जोड बघू लागले. "ही एक वायर लांब का कापलीत?"

"मेन आहे साहेब. आमच्यात तीच पद्धत आहे. हमीदचाचांकडची. मेन दोन बोटं लांब."

नामदेव मधेच बोलला. "चाचाकडं म्याबी वरीसभर होतो साहेब. आमाला तर समद्या बराबर कापाय लावायचे. एकदा माझी लांब ऱ्हायली तर टपली हानली डोस्क्यात."

चहाच्या टपरीवर त्याला पुन्हा विचारलं. नामदेवचा शेवटचा महिना तो माझा पहिला महिना होता, हे मी विसरलोच होतो. म्हणाला, "तुमी आले अन् चाचाचं लांब कापायचं सुरू झालं. आमी हसायचो, म्हातारं तार वाया घालून राहिलं म्हनून."

चहा तसाच राहिला.

५ जाने., रवि

पुढच्या रस्त्यानं गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चाचा डबा उपडा करून त्यावर बसले होते, इंजिनातला एक जुना मॅग्नेटो उगाच पुसत.

"चाचा, लाल लांब कधीपासून कापता?"

मान वर केली नाही. "तू आया तबसे."

"काहून?"

"पैलेच हफ्ते में. लाल मंगाया, तू हरा लेके आया. फिर मंगाया, फिर हरा. सोचा, छोकरा डरके कर रा. फिर समझ गया. हाथ अच्छा था तेरा. आँख का क्या करना मैं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलता तो तू भाग जाता."

सात वर्षं. हजारो वायरी. एका शब्दानं बोलले नाहीत आणि मी त्याला दुकानाची पद्धत समजत होतो. मी रडलो. लिहायला लाज वाटते पण रडलो. मग पाटलांच्या गाडीचं सांगितलं, साहेबांपुढं काय बोललो तेही.

"मालूम है. मेरी गाँठ कभी ढीली नै रहती रे."

म्हणजे स्टँडवर त्यांनी माझ्याकडं तेवढा वेळ का बघितलं, ते आत्ता कळलं. वाट बघत होते, मी काही बोलेन म्हणून.

मी मीटर दाखवला. दोरा दाखवला. त्यांनी हातात घेऊन उलटसुलट केला, शेषरावनं तुला बनवलं म्हणाले, मग परत दिला. म्हणाले, "अच्छा है. लेकिन मीटर पूछे तो बताता. नै पूछे तो चुप. उस दिन तू क्यों नै पूछा किसीकू?"

"मीटर नव्हता तेव्हा."

"मैं था ना. पाटील साब की आँखाँ थीं. तेरेकू शरम आयी. शरम आयी तो मीटर बी थैली में रह जाता." आणि निघताना, "नौकरी में तेरे वास्ते लाल तार लंबा कौन काटेंगा रे?"

मीटर पिशवीत घातला.

६ जाने., सोम

ओव्हरसीअर साहेबांना सांगितलं. पाटलांच्या गाडीची जोडणी माझी होती, चाचांचा दोष नाही.

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"भ्यालो, साहेब."

"चूक झाली कशी?"

"घाईत."

घाईत! पुन्हा. अर्धं खरं बोलायची मला सवयच लागलीय. साहेब म्हणाले, "हमीदमियांचं बघू पुढं." बघू म्हणजे काय ते साहेबांनाच ठाऊक. परीक्षेचा निकाल मात्र त्यांनीच सांगितला. मी पहिला. पुढच्या सोमवारी परभणीला तपासणी, ती पास झाली की ऑर्डर.

सुमननं शेजारी साखर वाटली. मी थांबवायला पाहिजे होतं.

९ जाने., गुरु

सुमनशी भांडण. म्हणजे मी भांडलो, ती ऐकत होती. मी म्हणालो, आकडे म्हणणार नाही. मग म्हणालो, म्हणणार. ती म्हणाली, "तुमी काय बी म्हना, मी क्वार्टरमदी बी राहीन अन् हितं बी राहीन. पन रोज असं तोंड पाडून बसू नका." मग थोड्या वेळानं, पाठ करून बसलेली, "विंचवाचं तेवढं बगा." तेवढंच बोलली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

शोभानं आकडे म्हणायचं सोडलंय. मी नाही.

१३ जाने., सोम. पूर्णा स्टेशन, परतीची गाडी यायची आहे

बाकावर बसून लिहितोय. अक्षर वाकडं येतंय.

डॉक्टर तरुण होते. छाती, वजन, लांबचं वाचन झालं. मग ते पुस्तक. पहिलं पान, बारा. खरंच दिसला. मला हायसं वाटलं, उगाच.

दुसरं पान. कागदावर आठ होता. आणि पानावर मला तीन दिसला. धुरकट नाही, अंदाजानं नाही. स्वच्छ, ठळक तीन. मी समजत होतो की काहीच दिसणार नाही, मग खोटं बोलणं सोपं. पण समोर तीन असताना आठ म्हणायचं, म्हणजे...

"आठ," मी म्हणालो.

तिसऱ्याला सहा म्हणालो. पाच दिसत होता. चौथ्याला एकोणतीस म्हणालो आणि दिसत होता सत्तर. डॉक्टर भराभर उलटत होते, माझ्याकडं बघतही नव्हते. नऊ झाले. नऊच्या नऊ बरोबर. फॉर्म पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"साहेब, दुसऱ्या पानावर मला तीन दिसतो."

हे मी बोललो. ठरवून नाही. चाचा मनात होते, का शोभा लंगडी खेळताना, का टाकीखालचा धूर, मला सांगता येणार नाही. तोंडातून गेलं.

"आत्ता तर आठ म्हणालात."

"पाठ केलं होतं. सगळं पाठ केलंय."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. रागावले होते. "मग आता मी काय लिहू?"

पिशवीतून मीटर काढून टेबलावर ठेवला. म्हणालो, वायर ह्यानं ओळखतो. परीक्षेत पहिला आलो ह्याच्यावर. विचारल्याशिवाय हात लावणार नाही कुठल्या वायरीला. जास्त बोललो, हात जोडले की काय तेही आठवत नाही. डॉक्टरांनी मीटर उचलून बघितला, दोरा बोटानं चाचपला. "हा कशाला?" सांगितलं. मग त्यांनी लिहिलं. इंग्रजीत, दोन ओळी. नुसतं पास किंवा नापास असतं तर एका शब्दात झालं असतं, म्हणून जीव जास्तच टांगणीला. पाकिटात घातलं, डिंक लावला, सही केली.

"ऑफिसात द्या. उघडायचं नाही."

मी विचारलं, "साहेब, काय लिहिलंत?"

"पुढचा," ते म्हणाले. पुढचा माणूस आत आला.

गाडीत पाकीट उजेडासमोर धरून बघितलं. कागद दुहेरी घडीचा, काही दिसत नाही. हरवलं म्हणून सांगता येईल, पुन्हा तपासणी होईल, तेव्हा नऊच्या नऊ बरोबर देता येतील, असं परभणी ते पूर्णा तीनदा मनात आलं. चौथ्यांदा आत्ता, हे लिहिताना.

सुमन विचारेल तेव्हा काय सांगू? खरं बोललो एवढंच माहीत आहे, त्याचं काय झालं ते माहीत नाही. उद्या सकाळी साहेब ऑफिसात येतात साडेनऊला. त्यांच्या टेबलावर मलाच ठेवायचंय.

हिंगोलीची गाडी आली. पाकीट आतल्या खिशात. चाचपून बघितलं, आहे.